व्यायाम : शेतकऱ्याचा व त्याच्या जनावरांचा

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. महसूल खात्यात हयात घालविलेल्या आम्हांसारख्या कारकुनास हा हिशेब तोंडपाठ असतो. तोच थोडा पुढे चालविला, तर त्यातून जमीनमोजणीच्या पलीकडची एक गोष्ट निघते. नांगराचे तास नऊ इंच रुंद धरले, तर एक एकर रान नांगरण्यास औत हाकणाऱ्याला ५८,०८० फूट, म्हणजे बरोबर ११ मैल चालावे लागते. वखराची फास दीड फूट धरली, तर एका पाळीस साडेपाच मैल होतात आणि तीन पाळ्यांस साडेसोळा. काळ्या रानात नांगरट दरसाल होत नसे हे खरे. पण पाच एकरांचा धनी नुसत्या वखराच्या तीन पाळ्यांपायी साडेब्याऐंशी मैल चालत असे. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरास पायी जावे आणि पायीच परत यावे, त्याहूनही ही मजल थोडी अधिक भरते. पेरणी, कोळपणी, काढणी आणि वैरणीची ने-आण यांतील चालणे या हिशेबात धरलेलेच नाही.

ही मजल धनी एकटा मारीत नसे. त्याच्यापुढे दोन बैल तितकेच चालत, आणि बांधाबांधाने बहुधा घरचा कुत्राही चालत असे. शेतकऱ्याच्या घरात व्यायाम हा शब्द फारसा कोणी उच्चारीत नव्हते, कारण त्याची उणीवच कोणास भासत नव्हती. आज तेच पाच एकर रान ट्रॅक्टर काही तासांत वखरून देतो. धनी मोटारसायकलीवरून शेतात जातो, आणि विहिरीवरचा पंप घरबसल्या मोबाईलवरून सुरू करतो. बैल दावणीस उभे राहतात अथवा बाजारात जातात. संकरित गाय बारा महिने गव्हाणीपुढे बांधलेली असते. आणि कुत्रा साखळीस असतो. देशात २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान गोवर्गातील नरांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटली, यावरून हा बदल केवढा आहे याची कल्पना यावी.

या बदलास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने औतामागे चालून टाचा फाडून घेतल्या आहेत, त्यास पुन्हा औतामागे जा म्हणून सांगणे हा शहाणपणा नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, यंत्राने काम हलके केले, परंतु शरीराची हालचालीची गरज हलकी केली नाही. ही गरज आज धन्याची व त्याच्या जनावरांची, एकाच वेळी व एकाच कारणाने, अपुरी राहू लागली आहे. पूर्वी जे आपोआप होत असे, ते आता ठरवून केले पाहिजे. ते न केल्याचे नुकसान दवाखान्यात व शेतात असे दोन्हीकडे भरावे लागते.

बसणारा आणि चालणारा

व्यायामाचा व हृदयाचा संबंध नेमका दाखवून देणारे आरंभीचे प्रसिद्ध काम लंडन शहरातील बसगाड्यांवर झाले. तेथील बस दुमजली असत. चालक दिवसभर आपल्या जागी बसून असे, आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढत-उतरत असे. दोघांची नोकरी एकाच ठिकाणची व राहणी एकाच तऱ्हेची. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले की, हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा वाहकांत कमी आढळते. आता आपल्या शिवारात पाहा. औतामागे चालणारा बाप म्हणजे तो वाहक, आणि ट्रॅक्टरवर बसणारा मुलगा म्हणजे तो चालक. दोघेही शेतकरी, दोघांचे रानही एकच. परंतु एकाचे पाय अकरा मैल चालले, आणि दुसऱ्याची कंबर मात्र तितकेच अंतर हादरे खात गेली.

मधुमेह हा शहरातल्या पेढीवर बसणाऱ्यांचा रोग, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आहे, आणि खेड्यांतील प्रौढांत त्याचे प्रमाण शेकडा सुमारे नऊ भरते. शहरात ते याहून अधिक आहे. परंतु शंभरांत नऊ म्हणजे पोळ्याच्या दिवशी पारावर जमलेल्या मंडळींतही थोडे नव्हेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक मोजदादीत असेही आढळले की, भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ शरीरास जरूर तितकी हालचाल करीत नाहीत. २००० साली हे प्रमाण पावापेक्षाही कमी होते.

कोणी म्हणेल, आमचा शेतकरी अंगाने सडसडीत आहे, त्यास मधुमेह कोठून होणार? या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासाने दाखविले की, आपला माणूस वजनाने हलका असला तरी त्याच वजनाच्या युरोपियन माणसापेक्षा त्याच्या अंगात मांस कमी आणि चरबी अधिक असते, व ती चरबी पोटाभोवती साठते. सबब तराजूवर विसंबून चालत नाही. धोतराची अथवा पँटची कंबर दरसाल वाढते काय, हे पाहणे अधिक खात्रीचे.

चालण्याने नेमके काय होते, हेही समजून घ्यावे. अन्नातून रक्तात आलेली साखर मुख्यत्वे स्नायूंनी उचलून नेली पाहिजे. बसलेल्या माणसाच्या स्नायूंस ती उचलण्यास इन्सुलिन या रसाचे साहाय्य लागते. काम करणारे स्नायू मात्र त्या रसावाचूनही पुष्कळ साखर आत घेतात, आणि काम थांबल्यावर एक-दोन दिवसपर्यंत त्यांची ही भूक टिकते. म्हणून रविवारी एकदम दहा मैल चालून आठ दिवस स्वस्थ बसण्यापेक्षा रोज अर्धा तास चालणे हिताचे; मध्ये दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. याखेरीज चालण्याने रक्तदाब उतरतो, हाडे बळकट राहतात, झोप चांगली लागते आणि मन उल्हसित राहते.

परंतु व्यायाम हा सर्व पापांवरचा उतारा नव्हे. फिनलंड देशाच्या पूर्व भागातील लाकूडतोडे व शेतकरी कष्टांत कोणास हार जाणारे नव्हते; तरी लोणी-चरबीचा भरपूर आहार व तंबाखू यांमुळे त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे पुष्कळ होते. आहार सुधारण्याची व तंबाखू सोडविण्याची मोहीम तेथे १९७२ साली सुरू झाली, तेव्हा पुढे ते प्रमाण उतरले. तंबाखूची गोळी दाढेत धरून जो फिरावयास निघतो, त्याने हे लक्षात ठेवावे.

श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

येथे कष्टकरी वाचक हटकतील की, आम्ही दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. श्रमांत शरीर कामाच्या सोयीने वाकते, आणि व्यायामात ते शरीराच्या सोयीने वाकविले जाते, हा या दोहोंतील भेद होय. कपाशी वेचणारी अथवा निंदणी करणारी स्त्री आठ तास कंबरेत वाकून असते. तिच्या पाठीचे एकच स्नायू ताणले जातात, आणि ते उलट बाजूस ताणण्याचा प्रसंग तिला मिळत नाही. पोत्यांची हमाली करणाऱ्याचे खांदे दणकट होतात, पण गुडघे लवकर झिजतात. अशांना अधिक श्रमांची जरूर नाही. काम संपल्यावर पाच-दहा मिनिटे अंग उलट दिशेस ताणणे व सावकाश दीर्घ श्वास घेणे, एवढेच त्यांस पुरे आहे.

स्त्रियांविषयी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे जरूर आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्या बाईस चार पायऱ्या चढताना धाप लागते, तिला व्यायामाचा उपदेश करणे हा अन्याय होय. तिचे रक्त प्रथम तपासावे, लोहाच्या गोळ्या व पोटभर अन्न द्यावे, आणि घरातील पुरुषांनी पाण्याचा हंडा स्वतः उचलावा. यात पुरुषाचा व्यायामही आपोआप होतो, हा लाभ निराळाच.

ठरवून केलेला व्यायाम आपल्या प्रांतास परका नाही. आपल्या जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म तेथे १६०८ साली झाला. नाशिकजवळ टाकळी येथे तप करीत असताना ते नित्य सूर्यनमस्कार घालीत, अशी परंपरा आहे. आणि पुढे त्यांनी गावोगावी मारुती स्थापिले, त्यांच्या आश्रयाने तालमी उभ्या राहिल्या. अलीकडच्या काळात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कारांचा क्रम चालू केला आणि त्यावर ग्रंथ लिहून त्याचा प्रसार केला. सूर्यनमस्कारास ना साहित्य लागते ना पैसा. घोंगडीएवढी जागा पुरते. वाकून काम करणाऱ्यास त्यातील पाठ मागे वळविण्याची स्थिती विशेष उपकारक आहे. ज्यांच्या गुडघ्यांत दुखणे आहे अथवा ज्यांचा रक्तदाब चढलेला आहे, त्यांनी मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून ते घालू नयेत. चालणे त्यांस अधिक सोयीचे.

बैल : दहा महिने खुंट्यावर, मृगात जुवाखाली

आता गोठ्याकडे वळू. ज्यांनी बैलजोडी अद्याप ठेवली आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांकडे नांगरट व वखरणी ट्रॅक्टर करतो, आणि पेरणी व कोळपणी तेवढी बैलांकडे राहते. परिणामी जोडी वर्षाचे आठ-दहा महिने खुंट्यावर उभी असते, आणि मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत जुंपली जाते. तालमीत कधी न उतरलेल्या माणसास एकदम फडात सोडण्यासारखाच हा प्रकार होय. दोन-तीन दिवसांत खांद्याची कातडी सोलवटते, सूज येते, बैल जू घेईनासा होतो. नेमक्या त्याच दिवसांत वाफसा उडून जातो. शेजाऱ्याची पेरणी साधते व आपली लांबते. हे नुकसान पंचनाम्यात कोठे लिहिले जात नाही. पण ते सुगीला पदरात दिसते.

नियमाने चालविलेला बैल काय करू शकतो, याचा एक दाखला आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात असई हे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व भोसले यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती वेलस्ली याची लढाई झाली. त्याची फौज त्या दिवशी वीस मैलांच्या वर मजल मारून रणात उतरली होती. वेलस्लीच्या दख्खनच्या मोहिमांत ओझे व तोफा ओढण्यास म्हैसूरच्या अमृतमहाल खिल्लारातील बैल होते. पुढे स्पेनमध्ये लढताना त्यास या बैलांची उणीव भासली, असे त्या खिल्लाराच्या इतिहासात नमूद आहे. हा गुण नुसत्या जातीचा नव्हता. ही जनावरे दावणीस बांधून वाढवीत नसत. ऋतुमानाप्रमाणे एका कुरणातून दुसऱ्या कुरणात हिंडवून वाढवीत, आणि वयात आल्यावर क्रमाक्रमाने कामास लावीत. आपल्याकडील देवणी, लाल कंधारी व खिलार या जातींचे बैलही याच रीतीने तयार केले तर तसेच काटक होतात.

सबब आमची सूचना अशी की, रोहिणी नक्षत्र निघताच, म्हणजे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, बैलांची तयारी सुरू करावी. ज्यांना साधेल त्यांनी त्याही आधी आठवडाभर. पहिल्या आठवड्यात सकाळी तासभर रिकामी गाडी ओढवावी. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन तास हलके वखर चालवावे. तिसऱ्या आठवड्यात अर्धा दिवस नेहमीचे काम द्यावे. याने खांद्याची कातडी निबर होते, खूर घट्ट होतात आणि छातीत दम भरतो. रोज जू काढल्यावर खांदा हाताने चाचपून पाहावा. तो गरम अथवा सुजलेला लागला तर दुसऱ्या दिवशी सुटी द्यावी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, तूप-हळद चोळतो. तीच काळजी पेरणीच्या आधी घेतली तर बैल अधिक संतुष्ट होईल. उरलेल्या महिन्यांत, काम असो वा नसो, जोडीस दिवसातून तास-दोन तास मोकळे फिरवावे.

कामाची मर्यादाही ध्यानात असावी. बैल सतत ओढू शकतो ते ओझे त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांशाच्या जोराचे होय. याहून अधिक तो थोडा वेळच ओढतो. त्यास दिवसात सहा ते आठ तास रवंथ करण्यास लागतात, आणि तेवढा वेळ न मिळाल्यास घातलेला कडबा अंगी लागत नाही. ओझ्याच्या जनावरांविषयी १९६५ साली झालेल्या केंद्र सरकारच्या नियमांत असे आहे की, जनावरास दिवसात एकंदर नऊ तासांहून अधिक जुंपू नये, सलग पाच तासांहून अधिक विश्रांतीवाचून राबवू नये, आणि जेथे उष्णता ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात काम घेऊ नये. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. म्हणजे हा शेवटचा नियम जणू आपल्यासाठीच केलेला आहे.

शंकरपटाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांस सशर्त मोकळीक मिळाली, आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. शर्यत कायदेशीर झाली म्हणून ती व्यायाम ठरत नाही. काही क्षणांची ती धाव म्हणजे व्यायामाची परीक्षा होय, आणि वर्षभर अभ्यास न करविता परीक्षेस बसविणे हे मुलाच्या बाबतीत जितके गैर तितकेच बैलाच्या बाबतीतही.

गाय व म्हैस : दाव्याची लांबी

दुभत्या जनावरास चालविले तर दूध आटेल, ही समजूत सर्वत्र आहे. उन्हातून कोस-दोन कोस हाकलले तर ती खरीच ठरेल. परंतु सावलीच्या वेळी थोडे मोकळे फिरू देण्याने दूध आटत नाही. एकाच जागी सिमेंटच्या जमिनीवर बांधलेल्या गाईचे खूर झिजत नाहीत. ते वाढून वाकडे होतात, मग ती लंगडते. लंगडणारी गाय गव्हाणीकडे कमी जाते, आणि तेव्हा दूध खरोखरच आटते. दुसरी गोष्ट माजाची. मोकळ्या गाई एकमेकींवर चढतात, त्यावरून माज तत्काळ ओळखतो. बांधलेली गाय नुसती उभी राहते, माज निघून जातो, आणि पुढचे तीन आठवडे वाया जातात. इतके दिवस तिची वैरण व पेंड भरावी लागते, हा हिशेब कोणीही करावा.

स्वीडन देशातील एका अभ्यासात, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, बांधून ठेवलेल्या गाईंपैकी काहींना रोज चालविले, तेव्हा त्यांस औषधोपचार करण्याचे प्रसंग कमी आले. त्याच देशाने १९८८ च्या कायद्याने दुभत्या गाईंना उन्हाळ्यात चरण्यास बाहेर सोडणे बंधनकारक केले होते. आपल्याकडे तितकी कुरणे नाहीत आणि मे महिन्यात गवतही नाही. त्यास उपाय मुक्त संचार गोठा. दर गाईस छताखाली सुमारे ३८ चौरस फूट व त्यास लागून उघड्यावर सुमारे ७५ चौरस फूट जागा असावी, असे भारतीय मानक आहे. म्हशीस याहून थोडी अधिक. लाकडी बल्ल्यांचे अथवा तारेचे कुंपण घालून गाई आत सोडल्या, मध्ये एक झाड व एका कोपऱ्यात पाण्याचा हौद ठेवला, की गाय आपला व्यायाम आपणच करते. ज्यांना एवढीही सोय नाही, त्यांनी सकाळी व सायंकाळी अर्धा-अर्धा तास कासऱ्याने फिरवावे. गाभण गाईस शेवटच्या महिन्यातही सपाट जमिनीवर सावकाश चालू द्यावे. मात्र तिला पळवू नये, चढणीवर नेऊ नये, व गर्दीत सोडू नये. म्हशीस ऊन विशेष बाधते, म्हणून तिला भल्या सकाळीच फिरवून पाण्यात बसू द्यावे. वळूस तर रोजचे चालणे अवश्यच आहे. सुस्त व चरबी चढलेला वळू पैदाशीच्या कामी मंद पडतो.

कुत्रा : साखळीवरचा राखणदार

कुत्र्याच्या व्यायामाविषयी आपल्या देशात कायदा आहे, असे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटेल. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे कलम ११ वाचून पाहावे. जो धनी आपल्या नेहमी साखळीस बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम देण्याची हयगय करतो, त्याची ती हयगय तेथे क्रूरतेच्या कृत्यांत गणली आहे. वाजवीपेक्षा आखूड अथवा जड साखळीने फार वेळ बांधणेही त्यातच येते.

कायदा बाजूस ठेवला तरी धन्याचा स्वार्थही यातच आहे. दिवसरात्र बांधलेला कुत्रा एक तर भित्रा होतो नाही तर चावरा, आणि कोणावर भुंकावे याची त्याची पारख बिघडते. मराठवाड्यात आढळणारा लांब पायांचा कारवानी कुत्रा तर धावण्यासाठीच जन्मलेला. पूर्वी तो सशांमागे धावे. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार वर्ज्य आहे, आणि ते योग्यच झाले. म्हणून त्याची धाव मोकळ्या रानात, पीक निघाल्यावर, धन्याच्या नजरेसमोर भागविली पाहिजे. मुलांच्या हौसेसाठी आता खेड्यांतही लॅब्राडोरसारखी परदेशी कुत्री येऊ लागली आहेत. ती खादाड असतात, आणि उरलेली चपाती, दूध व बिस्किटे खाऊन पाहता पाहता फुगतात. या जातीच्या ४८ कुत्र्यांवर अमेरिकेत झालेला दीर्घ प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांस पाव हिस्सा अन्न कमी देऊन सडपातळ ठेविले, ती कुत्री इतरांपेक्षा सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगली व त्यांचे सांधे उशिरा दुखू लागले. आपला कुत्रा लठ्ठ आहे काय हे पाहण्याची रीत सोपी आहे. बरगड्यांवरून हलका हात फिरवावा. त्या दिसू नयेत, पण हातास लागाव्यात. लागत नसतील तर अन्न कमी व चालणे अधिक.

कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यत्वे जीभ काढून धापा टाकूनच उष्णता बाहेर घालवितो. सबब त्यास दुपारी पळवू नये, आणि तापलेल्या डांबरी सडकेवर नेऊ नये, पंजे भाजतात. बाहेर फिरविण्यापूर्वी पिसाळ रोगाची लस दिलेली असलीच पाहिजे, आणि ती दर वर्षी टोचून घ्यावी. येथे धन्याचाही लाभ आहे. इंग्लंडमधील २०१९ च्या एका पाहणीत असे आढळले की, कुत्रा पाळणारे लोक जरूर तितके चालण्याचा नेम इतरांपेक्षा पुष्कळच अधिक पाळतात. माणूस स्वतःच्या प्रकृतीसाठी सबबी सांगतो. दारात उभे राहून शेपूट हलविणाऱ्यास मात्र सबब सांगता येत नाही.

मात्रा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरविलेले प्रमाण असे आहे : प्रौढाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंस बळ देणारा. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग. १०,००० पावलांचा जो बोलबाला आहे, तो आकडा मुळात जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. त्याहून कमी चालण्यानेही लाभ होतोच, म्हणून आकड्यास भिऊन कोणी घरी बसू नये. शेत एक-दोन मैलांच्या आत असेल तर मोटारसायकल घरी ठेवावी, एवढ्यानेही नेम पुरा होतो. पासष्टीच्या पुढील माणसांनी एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव भिंतीजवळ उभे राहून करावा. उतारवयात पडून मोडलेले खुब्याचे हाड माणसास अंथरुणास खिळविते.

मधुमेह असलेल्याने अनवाणी चालू नये. त्याच्या तळव्यास काटा रुतलेला कळत नाही, आणि एवढ्याशा जखमेपायी पुढे पाय गमवावा लागतो. रोज रात्री दिव्यापुढे तळवे पाहावेत. साखरेची औषधे चालू असतील तर उपाशीपोटी दूर चालत जाऊ नये, खिशात गुळाचा खडा असावा. चालताना छातीत दाब अथवा कळ, डाव्या हातात वेदना, अकारण घाम असे काही झाले तर तेथेच थांबावे व वेळ न घालविता दवाखाना गाठावा. गॅस झाला असेल असे म्हणून सोडा पीत बसू नये. माणूस असो वा बैल, दीर्घ विश्रांतीनंतर पहिला दिवस थोडक्याचा असावा, हा नियम सर्वांस सारखाच.

एक सूचना करून हा लेख पुरा करतो. मे महिन्यात बी-बियाणे व खतांच्या चौकशीसाठी आपली मंडळी एकत्र जमतच असतात. त्याच दिवशी पारावर एका बाजूस आरोग्य उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांकडून चाळिशीवरील स्त्री-पुरुषांचे रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी, आणि दुसऱ्या बाजूस पशुवैद्यकांकडून बैलांचे खांदे, गाई-म्हशींचे खूर व कुत्र्यांच्या लसी पाहून घ्याव्यात. एकाच वहीत घरवार नोंद ठेवावी : धनी, धनीण, बैल, गाय, कुत्रा. पुढील साली त्याच दिवशी ती वही उघडून ताडून पाहावी. बियाण्याची उगवण आपण पेरणीपूर्वी तपासतो. पेरणारे हातपाय व ओढणारे खांदे मृगापूर्वी तपासणे हे त्याच शहाणपणाचे काम होय.